बिजलीबाईची बुधवारची बैठक

ढाणकीपासून सात किलोमीटरवर बोरटेकडी नावाचं गाव आहे आणि गावाच्या पलीकडे, नाला ओलांडला की, बंजाऱ्यांचा तांडा. दोन्हीच्या मधोमध, रस्त्याला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये एक आटाचक्की आहे. तिच्यावर पाटी नाही. 'बिजलीबाईची चक्की' म्हटलं की आजूबाजूच्या चार खेड्यांत कुणालाही कळतं. बिजलीबाई हे तिचं खरंच नाव. वीज गेली की रस्त्यावरून जाणारे टवाळ ओरडायचे, "बिजली गेली वो!" आणि ती आतून ओरडायची, "कोठी गेली? अठीच हाये!"

वय अठ्ठावन्नच्या घरात. उंच, काटक, भुवया कायम पिठाने पांढऱ्या. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. सोळाव्या वर्षी धरमसिंगच्या घरी आली आणि पुढे अठ्ठाविसाव्या वर्षापासून अकरा हिवाळे-उन्हाळे तिने नवऱ्याबरोबर ऊसतोडीत काढले. पुढे धरमसिंगचे गुडघे गेले, तेव्हा कोयता सुटला आणि ही चक्की आली. मोटार, पट्टा, जात्याचे दगड यांचं सगळं तिने हाताने शिकून घेतलं. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून खाचा पाडायला दुसरा माणूस ती येऊ देत नाही.

या बाईला एक खोड होती. तिला प्रश्न पडायचे, आणि पडले की ती ते विचारायची. लहानपणी बापाला विचारायची, मोठेपणी नवऱ्याला. बापाने कधी कधी चापट मारली. धरमसिंग मवाळ माणूस, तो नुसतं म्हणायचा, "मले काय विचारते? मी का मास्तर हावो?" मग ती प्रश्न गिळायची. पण गिळलेला प्रश्न तिच्या पोटात काही जिरत नसे.

चक्कीवरची बैठक कुणी ठरवून सुरू केली नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी बुधवारी दुपारी बारा ते चार थ्री फेज वीज बंद असायची. एका बुधवारी सात-आठ बाया दळण घेऊन बसल्या होत्या आणि बरोबर बाराला लाईन गेली. डबे सोडून घरी जाता येईना, कारण परत आल्यावर नंबर मागे जाणार. त्या बायांमध्ये गावातल्या कौसल्याताई होत्या. एकतीस वर्षं अंगणवाडीत काम करून नुकत्याच निवृत्त झालेल्या, बौद्ध वाड्यातल्या. हातात पिशवी, पिशवीत पेपर. वेळ जाईना म्हणून त्यांनी पेपर काढला आणि मोठ्याने वाचायला घेतला. कुठल्याशा पाहणीची बातमी होती. बायका पुरुषांपेक्षा सरासरी दोन-तीन वर्षं जास्त जगतात, असं त्यात होतं.

"काहून?" बिजलीबाईने विचारलं.

"ते नाही दिलं इथं," कौसल्याताई म्हणाल्या.

"मंग आपुन सांगू. काहून जगतेत बाया जास्त?"

तांड्यातली रुपीबाई डब्याला टेकून डुलक्या घेत होती. डोळे न उघडताच म्हणाली, "कामं सरत नाहीत म्हून."

सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, बाया दारू पीत नाहीत म्हणून. दुसरी म्हणाली, बाया रडून मोकळ्या होतात, पुरुषाला ते जमत नाही. तिसरीने विचारलं की जास्त जगतात ते ठीक, पण ती जास्तीची दोन वर्षं कुणाच्या दारात काढतात? यावर कुणी हसलं नाही. बोलता बोलता चार कधी वाजले ते कळलं नाही. लाईन आली, चक्की सुरू झाली, आणि बिजलीबाईला वाटलं, आज पहिल्यांदा आपला प्रश्न कुणी हाताळून पाहिला. तिने कौसल्याताईंना सांगितलं, "ताई, पुढच्या बुधवारीबी पेपर आणजा."

असं ते चालू झालं. पेपर हळूहळू मागे पडला आणि बाया आपापले प्रश्न आणायला लागल्या. कौसल्याताई ते एका वहीत लिहून ठेवायच्या. त्या वहीत कुठलाही प्रश्न कुठल्याही प्रश्नाशेजारी बसलेला दिसतो. पृथ्वी फिरते, तर विहिरीतलं पाणी सांडत काहून नाही? देवीला बाईच्या हातचा नैवेद्य चालतो, मग महिन्याचे चार दिवस बाई का चालत नाही? भांडण झाल्यावर आधी कोणी बोलावं? माणूस मेल्यावर त्याचा मोबाईल नंबर कुणाला देतात? 'शहाणी बाई कोणाला म्हणावं' या एका प्रश्नाला तर तीन बुधवार लागले. रुपीबाई म्हणाली, जिच्या घरातलं भांडण शेजारणीला ऐकू येत नाही ती शहाणी. कौसल्याताई म्हणाल्या, तसं असेल तर मुकी बाई सगळ्यात शहाणी ठरेल. बिजलीबाईचं मत तिसऱ्या बुधवारी ठरलं, की ज्या बाईला आपलं मत बदलता येतं ती शहाणी. पण ते मतही पुढे आपण बदलू, हे तिने हसत सांगून ठेवलं.

नियम एकच होता आणि तो बिजलीबाईने घालून दिला होता. ज्याला प्रश्न विचारला त्याने उत्तर द्यायचं. 'मले माहीत नाही' हेही उत्तर. पण गप्प बसायचं नाही. रुपीबाईच्या लेकीने परजातीत लग्न केलं आणि मुलाने आईला तिच्याशी फोनवर बोलायची बंदी केली, तेव्हा एकीने बैठकीत रुपीबाईला विचारलं, "तू पोराचं काहून ऐकते?" रुपीबाई चिडली. घरातली गोष्ट इथं कायले, म्हणाली. तेव्हा बिजलीबाईने ठणकावून सांगितलं होतं, "प्रश्नाले घर नसते, रुपीबाई. बोल." रुपीबाई बोलली, रडली, आणि पुढच्या आठवड्यात कौसल्याताईंच्या फोनवरून लेकीशी बोलली.

पुढे वेळापत्रक बदललं आणि बुधवारी दुपारी लाईन राहायला लागली. बायांना वाटलं, संपलं आता. पण पहिल्याच बुधवारी बाराच्या ठोक्याला बिजलीबाईने स्वतः मेन स्विचचा खटका खाली ओढला. दळणासाठी थांबलेले दोघे बाप्ये खेकसले. धरमसिंगही म्हणाला, "चक्की बंद, तोंडं चालू. लोकं दुसऱ्या चक्कीवर जातीन." दोन-चार गिऱ्हाइकं गेलीही. पानठेल्यावर 'बायांचं कॉलेज' असं नाव पडलं. बिजलीबाईला ते नाव आवडलं. शाळा न शिकता ती थेट कॉलेजात पोचली होती. याच काळात कौसल्याताईंकडून ती अक्षरं शिकली. पीठ सांडलेल्या फरशीवर बोटाने गिरवून. वर्षभराने सावकाश का होईना, वाचायला लागली.

त्या वाचण्याचा उपयोग झाला तो एका पावसाळ्याच्या शेवटी. ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन चक्कीवर आला. दर वेळी तसाच यायचा. बाया जिथे भेटतील तिथे सह्या आणि अंगठे घेऊन जायचा. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती कागदावर अशीच भरायची.

"कायची सही हाये?" बिजलीबाईने विचारलं.

"नेहमीचीच, याडी. करा पटकन." तांड्यावर आईला म्हणतात तशी हाक त्याने मारली.

"वाचतो पह्यले."

शिपाई हसला, पण रजिस्टर तिच्या हातात गेलं होतं. ती एकेक अक्षर जोडत वाचत राहिली. दोन ओळींना पाच मिनिटं लागली. मग तिने रजिस्टर कौसल्याताईंकडे सरकवलं. त्यात लिहिलं होतं की महिला सभेने एकमताने असं ठरवलं आहे की तांड्यावरची अंगणवाडी बंद करून ती गावातल्या अंगणवाडीत मिसळावी. खाली सह्यांसाठी रेघा आखून ठेवल्या होत्या. सात बायांनी, गावातल्या रस्त्यावर, आधीच सह्या करून टाकल्या होत्या. त्यातल्या दोघी तांड्यावरच्याच होत्या आणि त्यांची लेकरं त्याच अंगणवाडीत जात होती.

बिजलीबाई शिपायावर ओरडली नाही. "बाबू, आमचं एकमत झालं, अन् आमालेच माहीत नाही," एवढंच म्हणाली. "साहेबाले सांग, सभा घ्या म्हणा. आमी येतो."

नाल्याला पाणी आलं की तांड्यावरची चार वर्षांची पोरं पलीकडच्या अंगणवाडीत जाणार कशी, एवढाच मुद्दा होता. पण तो मांडायला पंचायतीच्या हॉलमध्ये एक्केचाळीस बाया गेल्या, गावातल्या आणि तांड्यावरच्या एकत्र, तेव्हा खुर्च्या कमी पडल्या. कागदावर दरवर्षी होणारी सभा त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्यक्ष भरली. अंगणवाडी राहिली. त्यानंतर शिपाई रजिस्टर घेऊन फिरला नाही, सभेची तारीख सांगायला यायला लागला. बाया पुढे दर सभेला गेल्या असं नाही. कधी पंधरा, कधी सहा. पण सही मागायला कुणी आलं की 'वाचून दाखव' म्हणायची सवय लागली. सावकाराच्या कागदापासून शाळेच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे ती पुरली. बिजलीबाईचं नाव झालं. लोक तिला रस्त्यात थांबवून विचारायला लागले, आणि खरं सांगायचं तर तिला ते गोड वाटायला लागलं होतं.

आणि मग वर्षाने प्रश्न विचारला.

वर्षा ही बिजलीबाईची सून. महागावकडची, बारावी झालेली, कमी बोलणारी. नवरा बादल वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांतून एकदा दोन दिवस घरी. त्यांची मुलगी प्रेरणा, चार वर्षांची. वर्षा बैठकीला असायची, पण दाराजवळ. चाळणीने पीठ चाळत बसायची, ऐकायची. दोन वर्षांत तिने एकही प्रश्न आणला नव्हता. त्यामुळे त्या बुधवारी तिने चाळणी बाजूला ठेवली, तेव्हाच बायांच्या लक्षात आलं की काहीतरी आहे.

"माहा एक प्रश्न हाये," ती म्हणाली. "याडीले हाये."

"इचार की," बिजलीबाई कौतुकाने म्हणाली.

"यवतमाळले सहा महिन्यांचा कोर्स हाये, दवाखान्यातल्या पेशंटची सेवा कराचा. तिथंच राहा लागते. तीन महिन्यांपासून मी याडीले विचारून राह्यली, जाऊ काय म्हून. याडी म्हनते, नाही. काहून नाही, थे सांगत नाही. घरी गप बसते. इथं उत्तर द्या लागते." तिने मान वर केली. "म्हून इथं विचारतो. काहून नाही?"

बारा-तेरा बाया होत्या. सगळ्यांची नजर बिजलीबाईकडे वळली. आपण बनवलेल्या नियमाने आपल्यालाच असं धरावं, तेही घरच्या सुनेने, गावासमोर! तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, याची तिलाच खात्री वाटेना. ती उठली, भिंतीकडे गेली आणि खटका वर केला. "लाईन हाये. दळणं लावा," म्हणाली. पट्टा फिरायला लागला, चक्कीचा आवाज शेडभर झाला, आणि कुणाला काही बोलायचं असलं तरी ऐकू आलं नसतं.

पुढच्या बुधवारी चक्की बंद झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाया डबे ठेवून जायच्या, संध्याकाळी न्यायच्या. घरात सासूसुनेत कामापुरतं बोलणं राहिलं. वर्षाने माफी मागितली नाही आणि प्रश्नही पुन्हा विचारला नाही. ती पहाटे उठून सगळं करायची, पोरीला न्हाऊ-माखू घालायची, आणि तिच्या त्या शांतपणाचाच बिजलीबाईला जास्त राग यायचा.

तिसऱ्या बुधवारी कौसल्याताई मुद्दाम आल्या. दळण नव्हतं आणलं. धरमसिंगला चक्कीवर बसवून बिजलीबाईला त्यांनी मागच्या कडुनिंबाखाली नेलं.

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली तिनं, ताई," बिजलीबाई सुरुवातीलाच म्हणाली. "मले तोंड दाखवाले जागा ठेवली नाही."

"रुपीबाईच्या घरची गोष्ट निघाली तेव्हा तू काय म्हणाली होती?"

बिजलीबाई पायाने खालच्या निंबोळ्या बाजूला सारायला लागली.

"मी एकतीस वर्षं नोकरी केली," कौसल्याताई म्हणाल्या. "साहेब लोकं सभेत म्हणायचे, बायांनो बोला, मोकळं बोला. अन् बोललं की बदली. मले वाटलं होतं, आपली बैठक तशी नाही."

"मंग मी साहेब झालो म्हनता?"

"मी नाही म्हणत. तू सांग."

मग कौसल्याताईंनी हळूच विचारलं, "मले तर सांग. काहून नाही?"

"सांगता येत नाही, ताई," बिजलीबाई म्हणाली, आणि ते खरं होतं. नाही म्हणायची तिला घाई होती, पण त्या नाहीच्या मागे काय आहे ते तिने स्वतःही कधी शब्दांत पाहिलं नव्हतं. सासूने सांगायचं आणि सुनेने ऐकायचं, यात कारण लागतंच कुठे? तिच्या सासूने तिला कधी कारण दिलं नव्हतं.

त्या आठवड्यात एका सकाळी ती चुलीपुढे ज्वारीची बाटी, म्हणजे भाकरी, थापत होती. प्रेरणा तिच्या पाठीला लोंबकळून काहीतरी बडबडत होती. अंगणातून वर्षाने हाक मारली, "प्रेरणा, ये, येणी घालतो." पोर म्हणाली, "नाही, दादीजवळ राहतो." साधीच गोष्ट. लेकरं म्हणतातच. पण बिजलीबाईचा हात तव्यावर थांबला आणि बाटी करपली.

ऊसतोडीच्या तिसऱ्या वर्षी बादल अडीच वर्षांचा होता. फडात त्याला दोनदा ताप आला, म्हणून पुढच्या खेपेला त्याला सासूजवळ ठेवून गेले. कार्तिकात गेले, वैशाखात परतले. ट्रक तांड्याच्या तोंडाशी थांबला. बिजलीबाईने वरूनच उडी मारली आणि धावत घराकडे गेली. बादल अंगणात होता. तिला पाहून तो मागे सरकला, आजीच्या घागऱ्यात शिरला आणि आजीला 'याडी, याडी' म्हणत रडायला लागला. बिजलीबाईने गुळाचा खडा पुढे केला. त्याने गूळ घेतला आणि परत आजीच्या मागे गेला. पुढे दोन महिने तो आजीजवळच झोपला. जेमतेम ओळख लागली, तर कार्तिक आला. असे एकूण आठ हंगाम. तांड्यावर घरोघरी हेच होतं, म्हणून त्याचं दुःख करायची रीत नव्हती. जे सगळ्यांनाच होतं ते सांगायचं काय? तिने ते कधी धरमसिंगलाही सांगितलं नाही.

चौथ्या बुधवारी बाराला तिने खटका खाली ओढला. सकाळीच तिने निरोप धाडले होते. उत्सुकतेपोटी असेल, नेहमीपेक्षा जास्त बाया आल्या. बादल दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता, तो शेडच्या बाहेर मोटारसायकलची चेन साफ करत बसला होता. वर्षा दाराशी आपल्या जागेवर होती.

"मांगं मले एक प्रश्न विचारला होता," बिजलीबाई म्हणाली. "मी उत्तर देलं नाही. आज देतो."

आणि तिने ते सगळं सांगितलं. गुळाच्या खड्यापर्यंत. सांगताना ती कुणाकडे पाहत नव्हती, पायांजवळच्या फरशीकडे पाहत होती. "प्रेरणाचं तसं होईन म्हून मी नाही म्हनलं," ती शेवटी म्हणाली. "हे माहं कारण. बरोबर हाये का चूक, थे तुमी पहा."

मग रुपीबाई म्हणाली, "बरोबरच हाये. लेकराले माय पायजे. कोर्स मागूनबी होते."

"बापबी लागते लेकराले," दुसरी म्हणाली. "बादल पंधरा दिवसांनी येते, त्याले कोणी विचारलं काय?"

बाहेर चेनीचा आवाज थांबला.

वर्षा बोलली तेव्हा तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. "याडी, हे मले पह्यलेच सांगतलं असतं तर मी इथं विचारलंच नसतं," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमाले मी शिकलेली नको. दुसरं काही मनातच आलं नाही." ती थांबली. "तुमी गेल्या तवा तुमाले कोणी विचारलं नव्हतं, जाते का म्हून. नेलं. तवा फोन नव्हता. मधात एकदा घरी याले गाडी नव्हती. मी ठरवून जाऊन राह्यली. पण आता हे ऐकून मलेबी भेव वाटून राह्यलं. कालपर्यंत नव्हतं वाटत."

"मंग नको जाऊ," रुपीबाई म्हणाली.

"भेव वाटते म्हून नको जाऊ, की जायचंच नाही म्हून नको जाऊ?" कौसल्याताईंनी विचारलं. "दोन वेगळ्या गोष्टी हायेत."

दुपारभर बोलणं चाललं. लेकराला आई किती लागते, आणि ते कोणी ठरवायचं? आपण दुःख भोगलं म्हणून दुसऱ्याला त्यापासून वाचवावं, की त्याला त्याचं पाहू द्यावं? आणि वाचवायचंच असेल, तर कारण न सांगता वाचवता येतं का? एकमत झालं नाही. कुणी मतं मोजलीही नाहीत. उठताना बिजलीबाई सुनेला म्हणाली, "मी कारण देलं. आता तू ठरव. तू गेली तर पोरगी मी पाहतो. नाही गेली तरी मी बोलणार नाही."

संध्याकाळी बादल आईजवळ येऊन बसला. तीस वर्षांचा दांडगा गडी, पण नखांतलं ग्रीस खरवडत बसला. "मले त्या पह्यल्या बारीचं काहीच आठवत नाही, याडी," अखेर तो म्हणाला. "गूळबी नाही, ट्रकबी नाही."

बिजलीबाई त्याच्याकडे पाहत राहिली. ज्या गोष्टीने तिला पंचवीस-सत्तावीस वर्षं टोचलं, ती ज्याची होती त्याच्याकडे नव्हतीच. यावर हसावं की रडावं, तिला कळेना. "बरं हाये," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पोरीले तुहा फोन रोज येईन, असं पाय. गाडीवर असला तरी."

वर्षाने दोन आठवडे घेतले आणि मग ती गेली. दर दुसऱ्या रविवारी बिजलीबाई प्रेरणाला घेऊन एसटीने यवतमाळला जायची. उमरखेडला गाडी बदलायची, जाऊन येऊन अख्खा दिवस मोडायचा. पहिल्या दोन खेपा बऱ्या गेल्या. तिसऱ्या खेपेला प्रेरणा आईकडे गेलीच नाही, आजीच्या पदरात तोंड खुपसून बसली. वर्षाचा चेहरा पांढरा पडला. तिने बिजलीबाईकडे पाहिलं आणि बिजलीबाईने मान हलवली. 'सांगितलं होतं' असं म्हणाली नाही. ती पोरीला बाकावर ठेवून उठली आणि 'पानी आणतो' म्हणून पाऊण तास बाहेर फिरून आली. परतली तेव्हा प्रेरणा आईच्या मांडीवर बसून तिच्या ओळखपत्राची नाडी चघळत होती. पुढेही एखादी खेप चांगली जायची, एखादी वाईट.

सगळं गोड झालं असं नाही. रुपीबाईने बैठकीला येणं सोडलं. सुनेने चारचौघींत सासूला विचारावं हे तिला पटलं नव्हतं, आणि सासूने उत्तर द्यावं हे तर त्याहून नाही. ती दळण दुसऱ्या चक्कीवर न्यायला लागली. बिजलीबाई तिच्या घरी दोनदा जाऊन आली. चहा मिळाला, पण रुपीबाई आली नाही. आता सहा महिने होऊन गेलेत. आणखी दोन सासवांनीही सुनांना पाठवणं बंद केलं. उलट गावातल्या तीन नव्या पोरी यायला लागल्या, त्यातली एक, शीला, तर असले प्रश्न आणते की कौसल्याताईंनाही घरी जाऊन विचार करावा लागतो.

वर्षाचा कोर्स मागच्या महिन्यात संपला. उमरखेडच्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं. रोज सकाळी जाते, संध्याकाळी येते. ज्या दिवशी ती सामान घेऊन घरी आली, त्या दिवसापासून प्रेरणा आईजवळ झोपायला लागली. बिजलीबाईने स्वतःच पोरीची गोधडी उचलून वर्षाच्या खाटेवर ठेवली होती. ते बरोबरच होतं. पण दुसऱ्या दिवशी चक्कीवर दगडाला टाकी लावताना तिचं लक्ष लागेना. सहा महिने जिचा हात छातीवर होता ती पोर शेजारी नव्हती. आणि तिला आपली सासू आठवली. मरून एकोणीस वर्षं झालेली ती कमी बोलणारी म्हातारी. आपण ट्रकमधून उतरल्यावर ती बादलला आपल्याकडे ढकलायची, "जा, ती तुही याडी हाये," म्हणायची. दरवर्षी सहा महिने वाढवायचं आणि दरवर्षी परत द्यायचं. त्या आठ हंगामांत बिजलीबाईने आपल्या दुःखाखेरीज दुसरं काही पाहिलं नव्हतं. हजार प्रश्न विचारणाऱ्या बाईने हा एक प्रश्न त्या म्हातारीला कधी विचारला नव्हता.

गेल्या बुधवारी वर्षाला सुट्टी होती. बैठक भरली तेव्हा बिजलीबाई म्हणाली, "आज माहा प्रश्न हाये. पण ज्या बाईले विचाराचा थे बाई आता नाही. दुसऱ्याचं लेकरू पोटच्यासारखं वाढवून परत द्याचं, तवा देणारीले काय वाटते? माह्या सासूले काय वाटत असंन?"

कौसल्याताईंनी वहीत लिहून घेतलं. वर्षा या वेळी दाराजवळ नव्हती, बायांच्या मधे बसली होती. ती म्हणाली, "त्याहीले नाही विचारता येत. पण तुमाले येते. प्रेरणाची गोधडी माह्या खाटेवर ठेवली, तवा तुमाले काय वाटलं, याडी?"

बिजलीबाईने पदराने भुवयांवरचं पीठ पुसलं. मग ती सांगायला लागली. थांबत, आठवत, मधेच स्वतःचं वाक्य खोडून काढत. त्या दिवशी दळणं लागली तेव्हा पाच वाजून गेले होते.